दुबईत स्पेशालिटी कॉफी प्यायला जाताय? कुठे जायचं, काय मागायचं, येताना काय आणायचं

दुबईला निघालेल्या आपल्या माणसांच्या यादीत बुर्ज खलिफा असतं, डेझर्ट सफारी असते, गोल्ड सूक असतं, स्पेशालिटी कॉफी, म्हणजे बी कुठल्या भागातली ते सांगून, निवडून, काळजीने भाजून बनवलेली कॉफी, मात्र कुठेच नसते. मला हे मनापासून खटकतं, कारण मुंबईतून तीन-साडेतीन तासांत पोचता येईल अशा या शहरात येमेन, इथिओपिया, केनिया, कोलंबिया, पनामा असं सगळं एकाच काउंटरवर मिळतं, आणि आपण तिथे जाऊन मॉलमधल्या चेनचा कॅपुचिनो पिऊन परत येतो.

यामागचं कारण आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं लक्षात येईल. भारतात बाहेरून येणाऱ्या कॉफीवर १०० टक्के कस्टम ड्युटी आहे. त्यामुळे मुंबई-पुण्यातले चांगले रोस्टर्स, म्हणजे कॉफी भाजून विकणारे, बहुतेक करून चिकमगळूर, कूर्ग, अराकू इथलीच कॉफी देतात. ती कॉफी उत्तम असते, मी स्वतः घरी रोज तीच पिते, पण येमेनच्या हराझ किंवा इथिओपियाच्या यिर्गाचेफे भागातली कॉफी प्यायची म्हटलं तर आपल्याकडे क्वचितच आणि महाग मिळते. दुबईत तशी अडचण नाही. शिवाय येमेन आणि इथिओपिया तिथून जवळ, आणि चांगल्या कॉफीला पैसे मोजणारं गिऱ्हाईक शहरातच आहे. म्हणून माझा एकच आग्रह: जे इथे मिळत नाही ते तिथे प्या. कॅफे निवडण्यापासून बिया विकत घेण्यापर्यंत सगळं या एका गोष्टीवरून ठरवायचं.

आधी वेळ ठरवा

ऑक्टोबर ते मार्च-एप्रिल हा चांगला काळ. जून ते सप्टेंबर ४० डिग्रीच्या वर तापमान असतं आणि एका कॅफेतून दुसऱ्यात चालत जायचा विचारसुद्धा करू नका. तरी उन्हाळ्यात जावंच लागलं तर कॅफे आतून गार असतात, फक्त दारापासून दारापर्यंत टॅक्सी करा.

रमजानची तारीख बघून घ्या, दरवर्षी ती साधारण दहा-अकरा दिवस अलीकडे येते. त्या महिन्यात दिवसा बरेच कॅफे चालू असतात पण वेळा बदललेल्या असतात, आणि खरी गर्दी इफ्तारनंतर रात्री उशिरापर्यंत. तुम्ही रोजा धरत नसलात तरी दिवसा रस्त्यावर कप हातात घेऊन पीत फिरू नका, आत बसून प्या.

२०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं. सुट्टीच्या दिवशी अकरानंतर चांगल्या कॅफेत बसायला जागा मिळणं कठीण, आणि जागा मिळाली तरी बरिस्टाला, म्हणजे कॉफी बनवणाऱ्याला, तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. सोमवार ते गुरुवार सकाळी आठ ते दहा ही वेळ मला सगळ्यात आवडते. आपली घड्याळं त्यांच्यापेक्षा दीड तास पुढे आहेत, त्यामुळे पहिले दोन दिवस तशीही पहाटेच जाग येते, त्याचा फायदा घ्या.

एका दिवशी एकच भाग

दुबई लांबलचक पसरलेलं शहर आहे. सकाळी एका टोकाला, दुपारी दुसऱ्या टोकाला असं केलं की टॅक्सीचं बिल कॉफीच्या बिलापेक्षा मोठं होतं, किमान भाडंच १२-१३ दिरहम आहे. म्हणून एका दिवशी एक भाग घ्या, त्यात फार तर दोन कॅफे.

पहिला भाग अल कूझ. हा मूळचा इंडस्ट्रियल एरिया, गोडाऊनं, गॅरेजेस, ट्रक, आणि त्यातच शहरातले कितीतरी रोस्टर्स, कारण रोस्टिंग मशीन आणि पोती ठेवायला मोठी जागा तिथेच परवडते. इथलं अलसर्कल ॲव्हेन्यू २००८ च्या सुमाराला सुरू झालं, जुन्या गोडाऊनमध्ये आर्ट गॅलऱ्या, सिनेमा अकील नावाचं छोटं थिएटर, आणि नाइटजार हे रोस्टरी-कॅफे. नाइटजारची नळातून येणारी नायट्रो कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात मुरवून नायट्रोजन मिसळलेली कॉफी, प्रसिद्ध आहे, उन्हातून आल्यावर ती घ्यायला हरकत नाही. अल कूझमध्येच रॉ कॉफी कंपनी आहे, २००७ पासूनची, म्हणजे दुबईत स्पेशालिटी कॉफी हा शब्द फारसा कोणाला माहीत नव्हता तेव्हापासूनची. पहिल्यांदाच जाणार असाल तर मी डोळे मिटून अल कूझच सांगेन, कारण इथे कॉफी भाजताना बघता येते, वास रस्त्यापर्यंत येतो, आणि काउंटरवरच्या माणसांना विचारलेलं आवडतं. मेट्रोच्या रेड लाईनने शेख झायेद रोडवरच्या जवळच्या स्टेशनपर्यंत या आणि तिथून टॅक्सी करा. नकाशावर चालण्याएवढं अंतर दिसतं, पण रुंद रस्ते, ट्रक आणि सावली नाही, त्या फंदात पडू नका. अलसर्कलच्या आत मात्र सगळं चालत होतं.

दुसरा भाग जुमेराह आणि अल वस्ल रोड. इथे मोखा १४५० आहे आणि येमेनच्या कॉफीसाठी मी इथलंच नाव घेईन. मोखा हे येमेनचं लाल समुद्रावरचं बंदर, जगाची कॉफी एकेकाळी तिथूनच जायची. बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात येमेनहून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या ही गोष्ट आपण ऐकलेली असते, तर त्या बियांचं माहेर हेच. चिकमगळूरची कॉफी आवडणाऱ्याने एकदा तरी येमेनची चव घ्यावी असं मला फार वाटतं.

तिसरा, दुबई डिझाईन डिस्ट्रिक्ट, सगळे त्याला डी-थ्री म्हणतात. इथे एका एमिराती कॉफीवेड्याने सुरू केलेली द एस्प्रेसो लॅब आहे. जागा शांत, कॉफी गंभीरपणे बनवणारी. आसपास मेट्रो नाही, टॅक्सीच करावी लागते.

चौथा भाग जुनी दुबई, त्याबद्दल खाली वेगळं लिहिते, कारण तिथे जायचं कारणच वेगळं आहे.

निघण्यापूर्वी त्या कॅफेचं इन्स्टा आणि गूगल मॅप दोन्ही बघा. दुबईत कॅफे जागा बदलतात, शाखा बंद होतात, वेळा बदलतात. आणि मेट्रोत कॉफी पिऊ नका, आत खाण्यापिण्याला बंदी आहे, १०० दिरहम दंड होतो. कप संपवा आणि मगच स्टेशनात शिरा.

काउंटरवर गेल्यावर काय बोलायचं

इथे बरेच जण बावचळतात, कारण मेन्यू लांबलचक आणि मागे रांग. घाबरायचं काही नाही. बरिस्टा फिलिपिनो, नेपाळी, भारतीय असे सगळीकडचे असतात, इंग्रजी तर चालतंच, बऱ्याच ठिकाणी हिंदीही चालून जाते. टेबल पकडण्याआधी काउंटरसमोर बारवर जागा आहे का बघा, असेल तर तिथेच बसा, निम्मी मजा तिथे आहे.

मग विचारा: आज फिल्टरला, म्हणजे कागदी फिल्टरमधून गाळून करायच्या काळ्या कॉफीला, कुठल्या बिया आहेत? वॉश्ड आहे की नॅचरल? रोस्ट कधी केलंय? या तीन प्रश्नांनंतर बरिस्टा बहुतेक वेळा स्वतःच डबे उघडून वास घ्यायला देतो. दोन-तीन वास घ्या आणि जो आवडला तो सांगा, बाकी ज्ञान नसलं तरी चालतं.

तरी थोडं माहीत असलेलं बरं. वॉश्ड म्हणजे फळाचा गर धुऊन काढून मग वाळवलेली बी, चव स्वच्छ आणि हलकी. इथिओपियाची वॉश्ड घेतलीत तर मोगरा-जाईच्या जातीचा वास, लिंबू, काळ्या चहासारखा शेवट. नॅचरल म्हणजे आख्खं फळच वाळवायचं, त्यामुळे फळाचा गोडवा बीमध्ये उतरतो, इथिओपियाच्या नॅचरलला स्ट्रॉबेरी-ब्लूबेरीचा वास अगदी नाकात भरतो. येमेनची कॉफी परंपरेने अशीच, घरांच्या गच्चीवर फळं वाळवून केलेली, आणि चव मनुका, खजूर, थोडा मसाला. केनिया आंबट आणि रसरशीत. कॉफीच्या माहितीच्या कार्डावर मळ्याची उंची लिहिलेली असते, १९०० किंवा २२०० मीटर वगैरे. उंचावर फळ हळू पिकतं, बी घट्ट होते आणि चवीत जास्त बारकावे येतात, म्हणून ती लिहितात.

ॲनरोबिक आणि को-फर्मेंट हे शब्द आखाती देशांत फार दिसतील, तिकडच्या गिऱ्हाइकाला हे प्रकार आवडतात. बंद टाकीत आंबवलेली कॉफी, कधी कधी फळांसोबत आंबवलेली, चव इतकी जोरदार की पीच किंवा लीचीची गोळी तोंडात ठेवल्यासारखी. एकदा नक्की घ्या, पण पहिली नको. ती आधी प्यायलात की नंतरची येमेन किंवा वॉश्ड इथिओपिया फिकी लागेल, आणि ते त्या कॉफीवर अन्याय होईल.

आता बनवताना बघा. व्ही-सिक्स्टी, म्हणजे शंकूच्या आकाराच्या गाळणीत हाताने पाणी ओतून केलेली कॉफी, मागितलीत तर १५ ग्रॅम बिया वजन करून दळतात, दळलेली पूड तुमच्या नाकासमोर धरतात, तो वास दीर्घ श्वास घेऊन घ्या, कपातल्यापेक्षा तोच जास्त बोलका असतो. मग कागदी फिल्टर गरम पाण्याने ओला करतात, पूड टाकतात आणि चाळीस-पंचेचाळीस मिली पाणी ओतून थांबतात. पूड फुगते, वर बुडबुडे येतात, हा जो अर्धा मिनिट थांबतात त्यात आतला वायू निघून जातो, नाहीतर पाणी पुडीत नीट मुरत नाही. पूड बऱ्यापैकी फुगली तर कॉफी ताजी आहे समजा. नंतर गोल गोल धार धरून दोन-तीन वेळा पाणी, एकूण अडीचशे मिलीच्या आसपास, आणि तीन मिनिटांत काम संपतं. त्या वेळात बरिस्टाला प्रश्न विचारू नका, त्याचं लक्ष वजनकाट्यावर आणि घड्याळावर असतं, ओतून झाल्यावर भरपूर विचारा.

कॉफी समोर आली की लगेच घोट घेऊन निकाल देऊ नका. कडक गरम असताना जीभ फक्त गरमपणा आणि कडूपणा ओळखते. चार-पाच मिनिटं जाऊ द्या, मग एक घोट, अजून पाच मिनिटांनी दुसरा. कोमट झाल्यावर गोडवा वर येतो, आणि येमेनची कॉफी तर जवळपास गार झाल्यावर सगळ्यात छान लागते. साखर घालू नका, निदान पहिला अर्धा कप तरी.

आपल्या घरात कॉफी म्हणजे दूध, साखर, वर जायफळ, त्यामुळे ही पातळ, आंबटसर कॉफी आई-वडिलांना आवडेलच असं नाही, आणि त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. त्यांना इथिओपियाच्या बियांचा कोर्टाडो किंवा फ्लॅट व्हाईट, म्हणजे एस्प्रेसोत गरम दूध घातलेली कॉफी, घेऊन द्या, दुधातसुद्धा बेरीचा वास कळतो. अगदीच गोड हवं असेल तर स्पॅनिश लाटे, म्हणजे कंडेन्स्ड मिल्क घातलेली, आखातात ही सगळीकडे मिळते. पिस्ता लाटे, केशर लाटे हेही दिसतील. छान लागतात, पण त्यात बी कुठली ते कळत नाही, त्यामुळे मुद्दाम त्यासाठी अल कूझपर्यंत जाऊ नका.

अजून एक, दोघं असाल तर एकच व्ही-सिक्स्टी मागा आणि दोन कप द्या म्हणा. कोणी नाक मुरडत नाही. असं केलं की त्याच पैशात दोन वेगळ्या कॉफ्या होतात, आणि पोटालाही बरं. निरोगी माणसाने दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या आत कॅफीन घ्यावं असं सांगतात, आणि एका मोठ्या फिल्टर कपातच दीडशे ते दोनशे निघतं. सोबत पाणी आणि पोटात काहीतरी हवंच. केकमध्ये अंडं असतं, चालत नसेल तर आधी विचारा.

पैशाचं गणित

फ्लॅट व्हाईट साधारण २० ते २८ दिरहम, व्ही-सिक्स्टी २८ ते ४०, गेशा या कॉफीच्या महागड्या जातीसारखी खास कॉफी ५० च्या पुढे कितीही. एक दिरहम चोवीस रुपयांच्या आसपास धरा, म्हणजे ४० दिरहमचा कप हजाराच्या घरात जातो. स्वस्त नाहीच. म्हणूनच तो कप असा असू दे जो इथे मिळणार नाही. ५ टक्के व्हॅट मेन्यूवरच्या किमतीतच धरलेला असतो. टिप द्यायलाच हवी असं नाही, पण बरिस्टाने वेळ दिला असेल तर काउंटरवरच्या डब्यात पाच दिरहम टाका. कार्ड सगळीकडे चालतं, फक्त तुमच्या बँकेचं फॉरेन मार्कअप, म्हणजे परदेशात कार्ड वापरल्यावर लागणारं जादा शुल्क, किती ते निघण्याआधी बघून ठेवा.

दुपारची कॉफी महाग वाटली तर रस्त्याकडेच्या कॅफेटेरियात दीड-दोन दिरहमचा करक, म्हणजे दुधाचा कडक चहा प्या, दुबईत तोही प्यायलाच हवा.

फोटो कपाचे हवे तेवढे काढा, पण मागच्या टेबलावरची माणसं, विशेषतः बायका आणि कुटुंबं, फ्रेममध्ये येऊ देऊ नका, परवानगीशिवाय लोकांचे फोटो काढण्याबाबत तिथला कायदा कडक आहे. आणि कॅफेत बसून घरी व्हॉट्सॲप कॉल लावायचा बेत असेल तर तो सहसा लागत नाही, मेसेज जातात.

जुन्या दुबईतली गहवा

आता तो चौथा भाग. बर दुबईला अल फहिदी म्हणून जुनी वस्ती आहे, मातकट रंगाच्या भिंती, वारा खेचणारे मनोरे, अरुंद गल्ल्या. तिथे कॉफी म्युझियम आहे, छोटंसं घर, आत जुनी भाजायची भांडी, जाती, वेगवेगळ्या देशांतल्या कॉफीच्या पद्धती. सकाळी लवकर जा, तासाभरात निवांत बघून होतं, आणि नवीन कॅफेत जाण्याआधी हे बघितलं तर जास्त चांगलं.

इथे अरबी कॉफी प्या, तिला गहवा म्हणतात. हलकी भाजलेली, सोनेरी-पिवळसर, वेलदोडा घातलेली, कधी केशर किंवा लवंग, साखर नाही, सोबत खजूर. आपल्या जायफळ-वेलदोड्याच्या कॉफीची सवय असलेल्या माणसाला हिचा वास पहिल्या क्षणी ओळखीचा वाटतो, चव मात्र अगदी निराळी. २०१५ मध्ये युनेस्कोने अरबी कॉफीची परंपरा आपल्या वारसा यादीत घेतली, अमिराती, सौदी, ओमान आणि कतार या चौघांनी मिळून नाव दिलं होतं. आणि ज्या लांब चोचीच्या भांड्यातून ती ओततात, ते दल्ला, एक दिरहमच्या नाण्यावर आहे, खिशातलं नाणं काढून बघा.

रीत अशी. वाढणारा डाव्या हातात दल्ला आणि उजव्या हातात बिनकानाचा छोटा कप, म्हणजे फिंजान, धरतो. तुम्ही उजव्याच हाताने घ्यायचा. कपात जेमतेम तळाला दोन-तीन घोट असतील, ते कमी दिलं असं समजू नका, गरम गरम पुन्हा वाढता यावी म्हणून थोडीच ओततात. बस म्हणायचं असेल तर रिकामा कप हातात धरून डावी-उजवीकडे हलकेच हलवायचा. नाही हलवला तर वाढणारा पुन्हा भरतो. एवढं केलंत तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर आनंद दिसतो.

याच वस्तीत शेख मोहम्मद सेंटर फॉर कल्चरल अंडरस्टँडिंग आहे, तिथे एमिराती यजमानांसोबत बसून नाश्ता किंवा जेवण करता येतं, गहवा असतेच, आणि काहीही प्रश्न विचारायला मोकळीक असते. आधी बुकिंग करावं लागतं. माझ्या मते घरच्या मोठ्यांना घेऊन जायला हीच जागा सगळ्यात चांगली. तिथून खाडीवर या, एक दिरहम देऊन अब्रा होडीने देऱ्याला जा, आणि मसाल्यांच्या बाजारात वेलदोडे घ्यायचे असतील तर घ्या.

बिया आणताना

शेवटच्या एक-दोन दिवसांतच घ्या, तोवर तुम्हाला काय आवडलं ते कळलेलं असतं. पाकिटावर रोस्टची तारीख असलीच पाहिजे, नुसती एक्सपायरी लिहिलेलं पाकीट ठेवून द्या. तारीख एक ते तीन आठवड्यांपूर्वीची असेल तर उत्तम, आणि अगदी कालची असेल तर घरी आणून आठ-दहा दिवस तसंच ठेवून मग उघडा. २५० ग्रॅमचं पाकीट साधारण ६५ ते ११० दिरहम, येमेनची कॉफी लहान पाकिटातही त्याहून महाग असते. आपल्याकडे सहज न मिळणाऱ्या देशांचीच घ्या.

आख्ख्या बियाच घ्या. घरी ग्राइंडर नसेल तर मात्र दळूनच घ्या, पण मोका पॉट, फ्रेंच प्रेस की साउथ इंडियन फिल्टर हे सांगा, त्यावर दळण ठरतं. भाजलेली कॉफी आणा, कच्च्या हिरव्या बिया आणू नका, त्यांना क्वारंटाईनचे नियम लागतात. पाकीट चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवा, त्यावरची छोटी झडप चिकटपट्टीने बंद करू नका. आणि जाताना तिकडच्या नातेवाइकांसाठी अनारसे न्यायचे असतील तर थांबा, खसखशीवर अमिरातीत बंदी आहे, त्याबाबतीत ते अजिबात ऐकून घेत नाहीत.

घरी आल्यावर चव तशीच लागली नाही तर आधी पाणी बघा. दुबईतलं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, आणि चांगले कॅफे ते पुन्हा फिल्टर करून त्यात क्षार मोजून घालतात. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात हीच इथिओपिया सपाट लागते, आणि आरओच्या अगदी क्षार नसलेल्या पाण्यात आंबट. नगरपालिकेचं साधं फिल्टर केलेलं पाणी वापरून बघा, नाहीतर आरओ आणि बाटलीबंद मिनरल पाणी निम्मं-निम्मं. उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबून ओता.

पाकीट एकदम संपणार नसेल तर उघडल्या दिवशीच पंधरा-पंधरा ग्रॅमच्या पुड्या हवाबंद झिपलॉकमध्ये करून फ्रीझरला टाका. लागेल तेव्हा एकच पुडी काढायची आणि तशीच गार असताना दळायची, बाकीच्यांना हवा लागू द्यायची नाही. पुडीवर देश आणि रोस्टची तारीख मार्करने लिहा, नाहीतर दोन महिन्यांनी येमेन कुठली आणि केनिया कुठली ते कळत नाही.